छेदातला सहावा

गणिताचे आणि माझे बालपणापासूनचे वैर. आमच्या आजोबांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, इतकेच काय, साडेतीनचा पाढा म्हणजे औटकीदेखील मुखोद्गत होती. १९५७ साली दशमान नाणी आली, सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला आणि ते पाढे हळूहळू विस्मृतीत गेले. माझ्या वाट्याला आले ते अंश, छेद आणि छडी!

म्हणूनच कामठीत रविवारच्या मिस्सानंतर मी पाचवी-सहावीच्या मुलांना अपूर्णांक शिकवू लागलो, तेव्हा त्यांच्या चुकीचा मला राग आला नाही. आठ चारांहून मोठे, म्हणून एक अष्टमांश एक चतुर्थांशाहून मोठा, असे त्यांचे म्हणणे. मीही एके काळी हेच उत्तर लिहून मार खाल्ला होता.

पहिल्या रविवारी मी संत्रे सोलले. दहा फोडी निघाल्या. "एक फोड म्हणजे दशांश ना?" मी विचारले. "नाही फादर, ही बारीक आहे!" एकाने हरकत घेतली. भाग समान हवेत, हा पहिला धडा संत्र्यानेच दिला.

पुढच्या रविवारी आम्ही कागदाच्या पोळ्या केल्या. पिवळ्या कागदावर ताटली उपडी ठेवून वर्तुळे आखली, कापली. एकदा दुमडली की अर्धी, पुन्हा दुमडली की पाव, तिसऱ्यांदा दुमडली की अष्टमांश. पावावर अष्टमांश ठेवताच एक मुलगा उद्गारला, "खाणारे वाढले, तुकडा लहान झाला!" छेदाची याहून नेमकी व्याख्या मला करता आली नसती.

मग मी सांगितले, "आता घरी जितकी माणसे, तितके समान भाग करा." एका मुलीने पाच भाग मांडले. पण दुमडून पाच भाग जुळेनात. दर वेळी एखादा तुकडा मोठा होई. तिच्या घरी सहा जण, हे मला ठाऊक होते.

"आई कुठे आहे?" मी विचारले.

"आई त मागून जेवते नं, फादर. उरलं त खाते."

वर्गात कुणालाच यात वावगे वाटले नाही. मला मात्र क्षणभर बोलता येईना. माझ्या आईचे ताटही मी कधी मोजले नव्हते.

मी नवी पोळी घेतली. दोन घड्या जिथे छेदल्या तो मध्यबिंदू. त्रिज्येइतके कर्कटक उघडून परिघावर खुणा करीत गेलो. बरोबर सहाव्या खुणेला कर्कटक पहिल्या जागी परतले. सहा समान भाग!

"पण आता आमचा तुकडा लहान झाला," ती म्हणाली.

"किती लहान?" आम्ही हिशेब केला. एक पंचमांशातून एक षष्ठांश वजा केला, तर उरतो पोळीचा तिसावा भाग. पाच जणांनी तेवढाच दिला की पाच तिसांश, म्हणजेच आईचा पुरा सहावा वाटा उभा राहतो.

तिने त्या तुकड्यावर 'आई' असे लिहिले आणि तो जपून दप्तरात ठेवला.

आजवर मी 'भाग किती?' एवढेच विचारीत आलो. आता त्याआधी विचारतो, "मोजायचे कुणी राहिले का?"