काजळीवरचा उतारा

शोरा, गंधक आणि कोळसा यांच्या मिश्रणातून बनणारी काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायुरूप न होता घन अवशेष म्हणून मागे राहतो, आणि एकोणिसाव्या शतकातील रायफलीच्या काडतुसाच्या रचनेतील बऱ्याच गोष्टी या एका अडचणीतून घडलेल्या आहेत. नळीतील पिळाच्या खाचांत ही काजळी साचते, कोरड्या हवेत टणक होते आणि नेम बिघडवते. १८५७ च्या उठावाआधी एन्फिल्ड रायफलीच्या ज्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून शिपायांत असंतोष पेटला, त्यांतील चरबीचेही एक काम काजळीने भरलेल्या नळीत गोळी सहज उतरवणे हेच होते.

ब्रिटिश सैन्याने १८७१ मध्ये स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीच्या काडतुसात या काजळीवरचा उतारा फार विचारपूर्वक योजलेला दिसतो. त्यात ८५ ग्रेन दारू आणि ४८० ग्रेन वजनाची गोळी असे; ग्रेन हे सुमारे ६५ मिलिग्रॅमचे जुने माप, म्हणजे साडेपाच ग्रॅम दारूने एकतीस ग्रॅमची गोळी फेकायची. दारू आणि गोळी यांच्यामध्ये मेणाची चकती असे. तिचे मेण नळीला लागून काजळी मऊ ठेवी. शिशात थोडे कथील मिसळून ओतलेल्या गोळीवर कागदाचे वेष्टन असे, त्यामुळे शिसे नळीला चिकटत नसे.

आज ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत जुन्या रायफली चालवणारे हौशी लोक ही काडतुसे हाताने भरतात, आणि त्या कामात सर्वांत मन लावायला लावणारा भाग या कागदाचाच आहे. ओलसर कागदाचे गोळीभोवती नेमके दोन वेढे बसावे लागतात, तिरक्या कापलेल्या कडा एकमेकींना भिडाव्यात पण एकीवर एक चढू नयेत. खालचे टोक दुमडून ठेवले की वाळताना कागद आक्रसतो आणि डिंकाशिवाय घट्ट बसतो. बार उडाल्यावर नळीसमोर पडलेले कपटे वेचून पाहणे हा भरणाऱ्याचा खरा ताळा होय, कारण खाचांनी स्वच्छ चिरलेले कपटे काम साधल्याचे सांगतात आणि जळके, चुरगळलेले कपटे चूक दाखवतात. दारू लांब नळीतून सावकाश ओतली की दाणे दाटीने बसतात. ही दाटी आवश्यकच आहे, कारण दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुगण्याचा धोका असतो. काळ्या दारूच्या मापाने धूररहित दारू भरणे तर रायफल आणि माणूस दोहोंच्या जिवावर बेतते.

मूळ काडतुसाचे कवच पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेले होते. १८८४-८५ च्या सुदान मोहिमेत तापलेल्या रायफलींत ते अडकू लागले, तेव्हा दोष रायफलीला लागला. तो बराचसा कवचाचा होता, हे पुढे आलेल्या अखंड पितळी कवचाने दाखवून दिले. काजळीचा प्रश्न मात्र कवच बदलून सुटण्यासारखा नव्हता. तिच्यातील क्षार तेलाने निघत नाहीत, पाण्यात विरघळतात, म्हणून जुनी रायफल चालवल्यावर त्याच संध्याकाळी पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून, मगच तिला तेलाचा हात द्यावा लागतो.