गाळातला पहारेकरी

बेंगळुरूला पोस्टिंग झालेल्या आपल्यातल्या बऱ्याच जणांना बेळ्ळंदूर तलाव नावाआधी वासाने कळतो. शहराच्या सांडपाण्याचा मोठा हिस्सा इथे येतो. १९ जानेवारी २०१८ रोजी काठचं गवत पेटलं, तेव्हा शेजारच्या एएससी सेंटरचे जवान आग विझवायला उतरले. वर्तमानपत्रांनी ५,००० जवानांचा आकडा छापला होता. तलावाची आग विझवायला फौज लागली, हे गावाकडे सांगितलं तर लोक थट्टा समजतात.

आज लिहायचंय ते असल्या तलावांच्या तळाशी साचणाऱ्या काळ्या गाळाबद्दल, कारण त्यातून वीज मिळते.

गाळात ऑक्सिजन पोहोचत नाही. तिथले काही जिवाणू कुजकं खातात आणि त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन मातीतल्या लोहाच्या कणांना देतात. तिथे कार्बनचा तुकडा पुरला, तर ते त्यालाही देतात. दुसरा तुकडा वर, हवा लागणाऱ्या पाण्यात ठेवायचा आणि दोन्ही तारेने जोडायचे. झाली बॅटरी. जिवाणूंपासून वीज मिळते हे इंग्लंडमध्ये एम. सी. पॉटर यांनी १९११ मध्येच दाखवलं होतं.

आता ताकदीचा हिशेब. अशा एका घटाचा दाब साधारण अर्धा व्होल्ट. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने गाळातल्या घटावर हवामान मोजणारा तरंगता बोया चालवला आणि २००८ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. त्यांचा सुधारलेला घट १६ किलोचा होता आणि ३६ मिलिवॉट देत होता. म्हणजे दिवसाला ०.८६ वॉट-तास. मोबाइलची बॅटरी साधारण १९ वॉट-तासांची धरली, तर ती भरायला २२ दिवस लागतील. घरी फोन लावण्यासाठी हा घट कामाचा नाही.

पहाऱ्यासाठी मात्र आहे. तापमान किंवा वायू मोजणारं छोटं यंत्र बहुतेक वेळ झोपून राहू शकतं. १ वॉटचा संदेश १० सेकंद पाठवायला लागणारी ऊर्जा हा घट पाच मिनिटांच्या आत साठवतो. रेडिओ सेटच्या जादा बॅटऱ्या पिठ्ठूत घालून ज्यांनी चढ चढलाय, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. साधी बॅटरी संपली की ती बदलायला माणूस जातो, आणि ती वाट नेहमीच सोपी नसते. गाळातल्या जिवाणूंचं रेशन वरून आपोआप पडत राहतं.

बेळ्ळंदूरसारख्या तलावात एक अडचण आहे. खाली जिवाणूंना खायला भरपूर, पण त्याच घाणीने वरच्या पाण्यातला ऑक्सिजनही संपतो. मग वरचा तुकडा उपाशी राहतो आणि वीज अडते. तो तुकडा थेट हवेला लागेल असा तरंगता ठेवावा लागेल, आणि जलपर्णी व फेस यांपासून सांभाळावाही लागेल.

अशा घटाने तलाव स्वच्छ होणार नाही. त्यासाठी सांडपाणी शुद्ध करूनच आत सोडायला हवं. पण काठावर उष्णता वाढतेय एवढी खबर वेळेत मिळाली, तरी धुरात उतरणाऱ्या पोरांचे कष्ट वाचतील. पुढे तलाव खरोखर स्वच्छ झाला, तर या जिवाणूंचं रेशन बंद होईल. त्यांची ड्युटी तशीच संपावी.

जय हिंद.