मामांचं रजिस्टर

‘सर, नेट मध्येच जातं.’ तक्रार एवढीच असायची. कधी जातं, कुठे जातं, कुणाचं जातं, कशालाच मेळ लागत नव्हता. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात १४० अॅक्सेस पॉइंट आहेत, सगळे एका कंट्रोलरच्या ताब्यात. कंट्रोलरच्या पडद्यावर सगळे हिरवे दिसायचे आणि वाचनालयात मुलं वैतागलेली असायची.

तिसऱ्या वर्षाची एक मुलगी ऑनलाइन चाचणी देत होती. शेवटची चार उत्तरं पाठवायची राहिली आणि कनेक्शन तुटलं. ती माझ्याकडे आली. मी म्हणालो, “लॅपटॉपचा ड्रायव्हर अपडेट कर.” काहीही न तपासता म्हणालो. ते आजही बोचतं.

पुढचे तीन आठवडे मी हवेत शोधत होतो. शिडी लावून अॅक्सेस पॉइंटच्या जागा पाहिल्या. २.४ गीगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. त्यांची वाटणी पुन्हा केली. ५ गीगाहर्ट्झच्या काही चॅनलवर रडारची चाहूल लागली की अॅक्सेस पॉइंटला दहा सेकंदांत चॅनल सोडावा लागतो, म्हणून तेही तपासलं. रडारची एकही नोंद नव्हती. उलट ज्यांचं कनेक्शन तुटलं त्यांचा सिग्नल त्या क्षणी उणे ५५ डीबीएमच्या आसपास, म्हणजे अगदी खणखणीत. तिथेच मी हवेचा नाद सोडायला हवा होता.

वाट दाखवली वाचनालयाच्या दारावरच्या मामांनी. ते सहज म्हणाले, “सर, पोरं आल्यापासून अर्ध्या तासानं ओरडत्यात बघा.” त्यांच्याकडे आत येण्याच्या वेळांचं रजिस्टर होतं आणि मुलं उठून तक्रार करायला आली की त्याच पानावर ते पेन्सिलीनं खूण करत. ते रजिस्टर घेऊन मी कंट्रोलरच्या लॉगपुढे बसलो. १०:०५ला आलेला १०:३९ला तुटलेला. ११:२०ला आलेली ११:५३ला. मधली दोन-चार मिनिटं लॅपटॉप उघडण्यात गेलेली. लॉगमध्ये तर जोडल्यापासून तुटेपर्यंतचं अंतर नेमकं १८०० सेकंद. प्रत्येकाचं घड्याळ तो जोडला गेल्यापासून सुरू होत होतं, म्हणून एकत्र पाहताना सगळा गोंधळ वाटत होता.

१८०० सेकंद हा सेशन टाइमआउट. तेवढा वेळ झाला की कंट्रोलर वापरणाऱ्याची ओळख रेडियस सर्व्हरकडून पुन्हा पटवून घेतो. एरवी हे क्षणात उरकतं, कुणाला कळतही नाही. मग काहींनाच बाहेर का काढलं जात होतं? रेडियसच्या लॉगमध्ये त्यांना नकार मिळालेला, आणि पासवर्ड तर बरोबर!

मी स्वतःच्या लॅपटॉपवर सकाळभर बसलो. काहीच झालं नाही. दुपारी फोनही त्याच खात्यानं जोडला. तिसाव्या मिनिटाला लॅपटॉप तुटला.

मग उलगडलं. एका खात्यावर दोनच उपकरणं चालतील असा आमचा नियम होता. पुन्हा ओळख मागितली जाई तेव्हा त्या लॅपटॉपचं आधीचं सेशन रेडियसच्या हिशेबात उघडंच असे. फोन एक, लॅपटॉप दोन, आणि पुन्हा ओळख सांगणारा तोच लॅपटॉप तिसरा! नकार मिळे, कंट्रोलर त्याला तोडे, मग जुनं सेशन बंद झाल्याची नोंद होई आणि दुसऱ्या प्रयत्नाला सगळं सुरळीत. म्हणूनच मुलं माझ्यापर्यंत पोहोचत तेव्हा नेट चालू झालेलं असे आणि माझा त्यांच्यावर विश्वास बसत नसे. एकटा लॅपटॉप वापरणाऱ्याला कधीच त्रास नव्हता. फोन दप्तरात जोडलेला ठेवून अभ्यास करणाऱ्यांना होता, म्हणजे बहुतेक सगळ्यांनाच.

दुरुस्तीला एक संध्याकाळ पुरली. मोजणी करताना ओळख मागणाऱ्या उपकरणाचा स्वतःचा मॅक अॅड्रेस वगळला. टाइमआउटही १८०० वरून ८६,४०० सेकंद केला, पण मोजणी सुधारल्याची खात्री पटल्यावरच; आधी वाढवला असता तर दोष नुसता दिवसभर पुढे ढकलला गेला असता.

त्या खात्रीसाठी मी त्या मुलीला शोधून वाचनालयात बोलावलं. ड्रायव्हरचं मी चुकीचं सांगितलं होतं, दोष आमच्याकडे होता, हे तिला सांगितलं आणि तिच्या विषयाच्या मॅडमना लेखी कळवलं. तिनं लॅपटॉप उघडला, फोन शेजारी ठेवला. मामांनी रजिस्टरात तिची वेळ लिहिली, २:१०. आम्ही तिघं घड्याळाकडे बघत बसलो. २:४० झाले, २:४५ झाले. ती टाइप करत होती.