संमतिपत्रात नसलेले कलम

मूत्राशयाचा कर्करोग स्नायूंच्या थरापर्यंत पोचला आहे असे तपासणीत निष्पन्न झाले, आणि संपूर्ण मूत्राशय काढून टाकण्याचे ठरले, म्हणजे एक संमतिपत्र भरले जाते. त्यात रक्तस्रावाचा उल्लेख असतो, जंतुसंसर्गाचा असतो, भूल देण्यातील धोक्याचा असतो, आतड्याचा सांधा सुटण्याचा असतो, आणि क्वचित संभवणाऱ्या मृत्यूचाही असतो. या सर्व मजकुराखाली, रुग्णाच्या सहीशेजारी, साक्षीदार म्हणून बहुधा थोरल्या मुलाची सही होते. रुग्णाची पत्नी त्या वेळी बाहेरच्या बाकावर डबा आणि पिशव्या सांभाळत बसलेली असते. ज्या दोन माणसांनी आयुष्यभर एक अंथरूण वाटून घेतले, त्यांच्या त्या अंथरुणावर या शस्त्रक्रियेचा काय परिणाम होणार आहे याचे कलम त्या दस्तऐवजात सहसा नसते. असले तरी मुलासमोर ते वाचून दाखवण्याचा संकोच डॉक्टरला होतो, ऐकण्याचा रुग्णाला होतो, आणि मुलाला तर तो सर्वांत अधिक होतो. छत्रपती संभाजीनगरात मूत्ररोगांच्या शल्यचिकित्सेचे काम करताना माझे एक मत दृढ होत गेले आहे. शस्त्रक्रियेनंतर दांपत्यजीवन सावरते की विस्कटते, याचा मोठा भाग शस्त्रक्रियेपूर्वीच्या एका बैठकीत ठरतो. आणि त्या बैठकीला पती, पत्नी आणि वैद्य यांखेरीज चौथे माणूस असता कामा नये.

या शहरात १९५६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याच्या रुग्णालयाला सगळा मराठवाडा 'घाटी' या नावाने ओळखतो. २०१२ मध्ये आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले, आणि ज्या रुग्णांना पूर्वी मुंबईच्या टाटा रुग्णालयाची वाट धरावी लागे त्यांपैकी पुष्कळांना उपचार येथेच मिळू लागले. जालना, बीड, परभणी, हिंगोली, पलीकडे बुलढाणा, एवढ्या टापूतून माणसे या शहराकडे येतात. मूत्राशयाच्या कर्करोगाचे रुग्ण बहुधा साठी ओलांडलेले पुरुष असतात. स्त्रियांपेक्षा पुरुषांना हा रोग तिप्पट-चौपट प्रमाणात होतो, आणि त्याच्या कारणांत विडी-सिगारेटचा धूर अग्रस्थानी आहे. रंगाच्या कारखान्यांतील मजुरांना हा रोग होतो, हे जर्मन शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच दाखवून दिले होते. पण रोगाची मीमांसा हा या लेखाचा विषय नव्हे.

पुरुषाचे मूत्राशय काढताना त्यासोबत पुरस्थ ग्रंथी, म्हणजे प्रोस्टेट, आणि शुक्राशयही काढले जातात. लघवीला नवी वाट करून देण्यासाठी लहान आतड्याचा सुमारे १५ सेंटिमीटरचा तुकडा वापरून त्याचे तोंड बेंबीच्या उजवीकडे, थोडे खाली, पोटावर उघडतात आणि त्यावर पिशवी चिकटवतात. ही रीत सेंट लुईसचे शल्यविशारद युजीन ब्रिकर यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केली, आणि ती आजही सर्वत्र रूढ आहे. काही रुग्णांत आतड्याचेच नवे मूत्राशय शिवून ते मूळच्या मूत्रमार्गाला जोडता येते. तेथे बाहेर पिशवी नसते, मात्र झोपेत लघवी निसटण्याचा त्रास होऊ शकतो.

आता लिंगाच्या ताठरतेचे पाहू. ती ज्या मज्जातंतूंच्या आज्ञेने येते ते तंतू प्रोस्टेटच्या दोन्ही कडांना चिकटून जातात, ही गोष्ट शल्यशास्त्राला फार उशिरा, म्हणजे १९८० नंतर नीट उमगली. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे पॅट्रिक वॉल्श आणि हॉलंडमधील लायडनचे वयोवृद्ध शल्यविशारद पीटर डोंकर यांनी मृत जन्मलेल्या अर्भकांच्या शवविच्छेदनात हे तंतू शोधून त्यांचा मार्ग निश्चित केला, आणि १९८२ मध्ये वॉल्श यांनी ते जाणीवपूर्वक राखून प्रोस्टेटची शस्त्रक्रिया केली. पुढे तीच दृष्टी मूत्राशयाच्या शस्त्रक्रियेतही आली. पण रोग त्या कडेपर्यंत गेला असेल तर तंतू राखण्याचा मोह शल्यचिकित्सकाने टाळलाच पाहिजे. आणि राखलेले तंतूही ताणामुळे दीर्घकाळ निपचित राहतात, ते पूर्ववत होण्यास वर्ष-दोन वर्षांचाही अवधी लागतो.

हे ऐकून रुग्ण समजतो की सगळेच संपले, आणि येथेच वैद्याने थांबून सावकाश बोलण्याची गरज असते. कामेच्छा ज्या रसायनावर पोसली जाते ते अंडकोषांत निर्माण होते, आणि अंडकोष या शस्त्रक्रियेत जागच्या जागी राहतात. स्पर्शाची संवेदना आणि सुखाचा परमोच्च क्षण यांच्या वाटा ताठरतेच्या तंतूंहून वेगळ्या आहेत, आणि त्या सहसा शाबूत राहतात. म्हणून ताठरता नसतानाही सुखाचा कळस अनुभवता येतो. फक्त वीर्य बाहेर पडत नाही, कारण ते तयार करणाऱ्या ग्रंथीच उरलेल्या नसतात. ज्या तरुणाला पुढे अपत्य हवे आहे त्याने शस्त्रक्रियेपूर्वीच शुक्राणू गोठवून ठेवण्याची तजवीज करावी. नंतर ही संधी सहजी मिळत नाही. एवढे सांगितल्यावर साठीच्या शेतकऱ्याच्या चेहऱ्यावरील ताण सैल होताना मी पाहिला आहे. 'पुरुषपण गेलं' या दोन शब्दांत तो जे एकत्र बांधून आणतो, त्याचे तीन-चार वेगळे पदर असून त्यांतील एकच फाटला आहे हे त्याला तेव्हा प्रथम कळते.

स्त्रीरुग्णांची हकीकत याहून अधिक उपेक्षित आहे. त्यांच्या शस्त्रक्रियेत मूत्राशयाबरोबर गर्भाशय, बीजांडकोश आणि योनिमार्गाची पुढची भिंत काढण्याची जुनी पद्धत आहे. त्यामुळे योनिमार्ग आखूड वा अरुंद होतो, आणि पाळी चालू असलेल्या स्त्रीवर ऋतुनिवृत्ती एका दिवसात येऊन आदळते. रोगाची जागा अनुकूल असेल तर हे अवयव राखणे आज शक्य आहे. पण त्याची चर्चा भूल देण्यापूर्वी व्हावी लागते, आणि ती करण्यासाठी कोणीतरी त्या बाईंना विचारावे लागते. पुरुषाच्या बाबतीत निदान डॉक्टरच्या मनात तरी प्रश्न उमटतो; पन्नाशीच्या बाईंच्या बाबतीत तो मनातही येत नाही, कारण त्यांच्या इच्छेची नोंद घेण्याची सवय ना घराला आहे ना दवाखान्याला. याचा मला खेद वाटतो, आणि तो मी येथे स्पष्टपणे नोंदवतो. कोरडेपणासाठी पाण्यात विरघळणारे वंगण औषधाच्या दुकानात मिळते. इस्ट्रोजेनचे मलम वैद्याच्या सल्ल्याने लावता येते. आकुंचित मार्ग हळूहळू रुंदावण्यासाठी साधने आहेत. आणि समागमात किती खोल, किती वेगाने, याचे नियंत्रण पत्नीकडे राहील अशी स्थिती घेतली तर वेदना पुष्कळच टळते.

पिशवीविषयी बोलताना मला नेहमी वेरूळच्या घृष्णेश्वराची आठवण होते. तेथे गाभाऱ्यात जाताना पुरुषांना सदरा उतरवावा लागतो. आणि वर्षानुवर्षे त्या दर्शनाला जाणारा माणूस शस्त्रक्रियेनंतर 'आता देवाकडे कसा जाऊ' असे विचारतो, तेव्हा तो लघवीच्या अमंगळपणाविषयी बोलत असतो, तसाच उघड्या पोटाविषयीही बोलत असतो. धोतर जरा वर नेसले की पिशवी झाकते, हे उत्तर खरे आहे. पण मी त्याला विचारतो की हे पोट पत्नीने पाहिले आहे काय. बहुतेकदा पाहिलेले नसते. पिशवी बदलायला मुलगा शिकलेला असतो, सून दाराआडून गरम पाणी देते, आणि जिने हे शरीर तारुण्यापासून जाणले तिच्यापासून ते लपवले जाते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी पोटावरील तोंडाची जागा शाईने आखताना पत्नीने उपस्थित असावे असा माझा आग्रह असतो. रुग्णाला उभे करून, बसवून, वाकवून, धोतराची गाठ वा परकराची नाडी जेथे येते ते पाहून ही जागा ठरवावी लागते. आणि त्या कामात पत्नीइतका उपयुक्त सल्ला दुसरे कोणी देऊ शकत नाही.

शुचितेचा प्रश्न मुसलमान कुटुंबांतही तितक्याच तीव्रतेने येतो. नमाजापूर्वीची वजू, म्हणजे पाण्याने केलेली शुद्धी, सतत झरणाऱ्या लघवीने टिकत नाही, या विचाराने खचलेली माणसे मी पाहिली आहेत. आणि हनफी धर्मशास्त्रात अशा व्यक्तीला 'माजूर', म्हणजे सवलतीस पात्र, मानून प्रत्येक नमाजाच्या वेळी नवी वजू करून प्रार्थनेची मुभा दिली आहे, हे जाणत्या मौलवीकडून कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडतो. देवापाशी आपण चालतो हे एकदा पटले की पत्नीपाशी जाण्याचा धीर येतो. हा क्रम मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळला नाही. या शहरातील रुग्णांनी तो शिकवला.

पुन्हा जवळ येण्याचा आरंभ कसा करावा याचे सर्वांत शहाणे मार्गदर्शनही, योगायोगाने, ब्रिकर यांच्याच सेंट लुईसमधून आले. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात अशी रीत मांडली, की अडचणीत सापडलेल्या दांपत्याने काही काळ समागम बुद्ध्याच तहकूब ठेवावा, आणि त्या अवधीत केवळ एकमेकांच्या शरीराला सावकाश, काही सिद्ध करण्याच्या ईर्ष्येविना स्पर्श करावा. आधी हात, पाठ, मान, आणि पुष्कळ नंतर इतर अवयव. समागमाला बंदी आहे म्हटले की परीक्षेचे भय जाते. ही रीत मी आमच्याकडील दांपत्यांना सांगतो तेव्हा अडचण लाजेची येत नाही, जागेची येते. सिडकोच्या दोन खोल्यांत मुलगा, सून, नातवंडे. किराडपुऱ्यातील घरात त्याहून दाटी. खेड्यात आजीच्या कुशीत निजणारा नातू. आजारी माणसाची खाट ओसरीवर आणि पत्नीचे अंथरूण माजघरात, अशी विभागणी रुग्णालयातून घरी आल्या दिवशी मुलांकडून सद्हेतूने होते आणि ती कोणीच मोडत नाही. तेव्हा मी औषधाच्या चिठ्ठीवरच लिहून देतो की रात्री रुग्णाजवळ पत्नीने झोपणे आवश्यक आहे. वैद्याच्या हुकमाला घरात मान असतो. त्या दोघांना मुलांपाशी काही मागावे लागत नाही.

जखम भरून यायला सहसा सहा ते आठ आठवडे लागतात. त्यानंतर प्रत्यक्ष समागमाला हरकत नसते. ताठरतेसाठीच्या गोळ्या १९९८ पासून जगाला ठाऊक आहेत, पण तंतू काही अंशी तरी राखले गेले असतील तरच त्या उपयोगी पडतात, आणि हृदयविकारासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने त्यांना हातही लावू नये, कारण रक्तदाब एकाएकी घसरून प्राण जाऊ शकतो. निर्वात पंप, लिंगात घ्यावयाचे इंजेक्शन, आणि अखेरीस शस्त्रक्रियेने बसवायचे रोपण, हे पुढचे उपाय होत. रोपणाच्या क्षेत्रात मुंबईचे डॉ. रूपिन शाह यांनी विकसित केलेले साधन भारतीय रुग्णांना उपलब्ध आहे. इंजेक्शननंतर ताठरता चार तासांहून अधिक टिकली तर तडक रुग्णालय गाठावे. भिंतींवर रंगवलेल्या गुप्तरोगाच्या जाहिराती वाचून पैसा आणि महिने दवडणाऱ्यांत शिकलेली माणसेही असतात, हे मला खेदाने सांगावे लागते.

ज्यांचा रोग वरवरचा असून मूत्राशय राखले आहे, त्यांच्याविषयीही एक सूचना येथेच करतो. त्यांच्या मूत्राशयात बीसीजी सोडतात. क्षयाच्या लशीतलेच हे जिवंत जंतू. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही हे औषध तयार होते. अशा उपचारानंतर आठवडाभर समागमात निरोध वापरावा. कर्करोग मात्र समागमाने जोडीदाराला लागत नाही.

या विषयावर मराठीत स्पष्ट लिहिण्याची परंपरा नवी नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले, वाचकांच्या शंकांना उत्तरे दिली, आणि त्या उत्तरांपायीच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले, ज्यांनी पुढे १९५० मध्ये याच शहरात मिलिंद महाविद्यालय स्थापन केले. निकाल कर्व्यांच्या विरुद्ध गेला. अवयवाचे नाव उघड घ्यावे आणि विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर द्यावे ही त्यांची पद्धत मला शल्यचिकित्सकाच्या पद्धतीला फार जवळची वाटते. आणि ती आमच्या वैद्यकीय शिक्षणात असावी तितकी नाही.

माझी विनंती परिचारिकांच्या शिक्षणक्रमाविषयी आहे, कारण हे प्रश्न, विशेषतः स्त्रियांचे, डॉक्टरआधी त्यांच्या कानी येतात. पिशवी कशी कापावी, कशी चिकटवावी हे त्यांना शिकवले जाते. त्यासोबत रात्रीच्या गोष्टीही शिकवल्या जाव्यात. जवळ येण्यापूर्वी पिशवी रिकामी करावी आणि तिच्यावर सुती पट्टा किंवा मऊ कापड बांधावे. पोटावरील लालसर तोंडाला स्पर्शाची जाणीव नसते, हलक्या दाबाने त्याला इजा होत नाही, मात्र त्यात कधीही काही घालू नये. नवे मूत्राशय असलेल्याने आधी लघवी करून यावे. आणि 'सिस्टर, मालकांजवळ निजलं तर त्यांना काही होईल का', असे कोणी बाई हलक्या आवाजात विचारतील, तर त्यांना सांगावे की काही होणार नाही; फार तर पिशवी सुटेल, तेव्हा दिवा लावून दोघांनी मिळून ती बदलावी आणि कोरडी चादर अंथरावी.