चित्रं घरीच राहू द्या

चित्रकाराचं घर जपण्याला माझा बरीच वर्षं विरोध होता. घर म्हणजे विटामाती, खरा ऐवज चित्रं. ती मुंबईत आणावीत, चांगल्या भिंतीवर लावावीत, चार लोक बघतील, असं मी ठासून सांगायचो. कोल्हापूरला राजारामपुरीतल्या ‘निसर्ग’मध्ये जाऊन आल्यापासून ते म्हणणं मी सोडलं.

हे चंद्रकांत मांडरे यांचं राहतं घर. पडद्यावरचे रुबाबदार नट म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पण बाबूराव पेंटरांच्या तालमीत तयार झालेले मांडरे आयुष्यभर निसर्गचित्रं काढत राहिले आणि हे घर त्यांनी चित्रांसकट शासनाला दिलं. त्यांची पावडर शेडिंगची कामं अगदी जवळ जाऊन पाहावीत. सगळी करामत कोरड्या भुकटीची. उजेड सावलीत कुठे मिसळला ते शोधून सापडत नाही.

मत खरं फिरलं ते तिथून रंकाळा तलावावर गेल्यावर. शाहू महाराजांच्या पदरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंगवलेला संध्यामठ समोर पाण्यात उभा होता. पाणी उतरलं की हा दगडी मठ उघडा पडतो, पावसाळ्यात बुडत जातो. चित्रातलं पाणी आणि समोरचं पाणी असं ताडून बघायची सोय मुंबईतल्या कुठल्या दालनात आहे? 1922 साली शाहू महाराज गेले, तेव्हा आबालालांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली, असं कोल्हापुरात सांगतात. ऐकून आजही जीव हळहळतो.

मी मुंबईतल्या माहुल गावचा. आमच्याकडे एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला 1950च्या दशकात उभे राहिलेले तेलशुद्धीकरण कारखाने. हिवाळ्यात चिखलावर फ्लेमिंगो उतरतात, ओहोटीला कोळ्यांच्या होड्या कलंडून पडलेल्या असतात. कारखान्यांआधीची ही खाडी कुणी जीव लावून रंगवली असेल, तर ते चित्र मला फोर्टात नको, गावात हवं. इथल्या म्हाताऱ्यांना त्यावर बोट ठेवून सांगता आलं पाहिजे की आमची होडी इथे लागायची. हाच हक्क कोल्हापूरकरांचा मी इतकी वर्षं नाकारत होतो.

जपणुकीचा मुद्दा मात्र मी आजही सोडलेला नाही. दमट हवा आणि वाळवी कागदाला सोडत नाही. त्यासाठी मुंबईतली जाणकार माणसं कोल्हापूरला पाठवावीत आणि खर्च शासनानं उचलावा. मांडऱ्यांनी घर शासनाच्याच हवाली केलं आहे.