प्राथमिक शाळेतील इतिहास : गोष्ट आणि पुरावा

महाराष्ट्रातील मुलांची इतिहास या विषयाशी खरी ओळख बहुधा चौथीच्या वर्गात, शिवछत्रपतींच्या चरित्रातून होते. नऊ-दहा वर्षांच्या वयात ऐकलेले हे चरित्र जन्मभर पुरते. पुढे विषय कायमचा सुटला, तरी प्रतापगड, आग्रा आणि रायगड ही नावे सुटत नाहीत. गोष्टीचे हे सामर्थ्य वादातीत आहे. मात्र ती गोष्ट घडली केव्हा आणि घडली हे समजले कशावरून, या दोन बाबींची जाण शाळा कितपत देते, हा प्रश्न उरतोच. कारण ही जाण नसेल, तर इतिहास आणि पुराणकथा यांतील सीमारेषा मुलाच्या मनात उमटतच नाही.

पहिली अडचण काळाची आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी साधारणतः सात ते अकरा या वयाला मूर्त क्रियात्मक अवस्था म्हटले. म्हणजे समोर दिसणाऱ्या, हाताळता येणाऱ्या वस्तूंच्या आधारे तर्क करता येतो, पण अमूर्त कल्पना अजून पेलत नाहीत असे वय. या वयात शिवरायांच्या राज्याभिषेकाचे १६७४ हे साल म्हणजे केवळ एक मोठी संख्या असते. रामाचा वनवास, शिवरायांचा राज्याभिषेक आणि आजोबांचे बालपण ही सारी 'पूर्वी' या एकाच खणात पडलेली असतात. तो खण लावण्याचे साधन घरातच सापडते. आई, आजी, पणजी असे मागे जाताना बहुतेकांना ठाऊक असलेली नावे तिसऱ्या-चौथ्या पायरीवर संपतात. एका पिढीला पंचवीस वर्षे धरली, तर राज्याभिषेकापर्यंत पोहोचण्यास अशा चौदा पायऱ्या लागतात. फळ्यावर चौदा रेघा ओढून पहिल्या तीन-चार रेघांपुढेच नावे लिहिता आली, की उरलेल्या कोऱ्या रेघांमधून मुलाला काळाचे अंतर डोळ्यांनी दिसते आणि ही नावे कोठे सापडतील, असा प्रश्न वर्गातूनच उमटतो.

येथून पुराव्याकडे वळता येते. महाराष्ट्रातील अनेक गावांत मारुतीच्या देवळापाशी किंवा वेशीजवळ वीरगळ आढळतात. वीरगळ म्हणजे लढताना मृत्यू आलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा. तिच्यावरील चौकटी खालून वर वाचायच्या असतात : सामान्यतः तळाशी पडलेला वीर, त्यावर लढाई, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, ते जोवर आहेत, तोवर कीर्ती टिकेल, असा त्यांचा अर्थ. वीराच्या हातात कोणते शस्त्र आहे, गाई कोरलेल्या आहेत का, असतील तर लढाई कशासाठी झाली असावी, असे विचारत गेल्यास चौथीचे मूलही निरीक्षण आणि अनुमान यांतील फरक ओळखू लागते. बहुतेक वीरगळांवर वीराचे नाव कोरलेले नसते. दगड काय सांगत नाही, हेही त्याला कळते.

पुराव्यामुळे माहिती बदलते, हे शिवरायांच्या जन्मतिथीवरून दाखवता येते. दीर्घकाळ ही तिथी शके १५४९ मधील वैशाख शुद्ध द्वितीया मानली जात असे. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडील घटनांची कालक्रमाने केलेली नोंद, प्रसिद्ध केली; तीत शके १५५१ मधील फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजेच १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी होती आणि कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या काव्यातूनही तिला दुजोरा मिळाला. एका तिथीसाठी जाणत्या माणसांनी अनेक वर्षे वाद घातला आणि अखेर कागदाचे ऐकले, ही हकिगतही मुलांना गोष्टीइतक्याच गोडीने सांगता येते.

पुराव्याची सवय आणखी एका कारणासाठी हवी. प्रतापगडचा अफजलखान-भेटीचा प्रसंग 'आपले' आणि 'परके' अशा दोनच रंगांत रंगवला, तर मूल तेच रंग आजच्या शेजाऱ्यांनाही लावते. खानाचा वकील म्हणून आलेला कृष्णाजी भास्कर ब्राह्मण होता, आदिलशाहीच्या चाकरीत मराठा सरदार होते आणि पुढे महाराजांच्या आरमारात दौलतखान अधिकारी होता, एवढे तपशील जोडले, तरी शौर्याची धार बोथट होत नाही आणि तो काळ मात्र अधिक खरा दिसतो.

इतक्या लहान वयाला हे झेपणार नाही, हा आक्षेप रास्त वाटतो. तथापि पुराव्याचा विचार झेपतो की नाही, हे वयाइतकेच मांडणीवर अवलंबून असते. परीक्षेत रिकाम्या जागाच भरायच्या असतील, तर वर्गातही रिकाम्या जागांपुरतेच शिकवले जाईल; एखाद्या प्रश्नात 'हे कशावरून ठरवाल?' असे विचारले गेले, तर शिकवण्याची दिशा बदलेल. त्यासाठी 'हे नक्की सांगता येत नाही' असे मुलांपुढे म्हणण्याची तयारी शिक्षकाकडे हवी. वीरगळावर नाव नसताना ते रचून सांगणाऱ्या शिक्षकापेक्षा असे म्हणणारा शिक्षकच इतिहास अधिक शिकवतो.