एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट...

काचीगुड्याच्या आमच्या घरी वायफाय बसवायला आलेला मुलगा जाताना पासवर्ड म्हणून माझाच मोबाइल नंबर ठेवून गेला. ‘‘याद रखने को आसान है, अम्मा.’’ आसान होता खरा. पण दूधवाल्याला, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला आणि मागच्या वसतिगृहाच्या वॉचमनलाही तो तितकाच आसान होता. संध्याकाळी नातवाचा व्हिडिओ कॉल अडकायला लागला, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या मुलाला फोन केला. ‘‘कल आके बदल देतूं अम्मा, आप हात नक्को लगाओ.’’ त्याचा तो ‘कल’ काही उगवेना.

शेवटी पुण्याच्या भाच्याला गाठलं. तो म्हणाला, ‘‘मावशी, ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाक. राउटरचं पान उघडेल.’’ दिवे लुकलुकणाऱ्या त्या डबीला स्वतःचं पान असतं, हेच मला नवीन! आकडे टाकले, तर गूगलने त्याच आकड्यांच्या दहा-वीस लिंका समोर मांडल्या. भाचा ओरडला, ‘‘त्यातलं काही उघडू नकोस! आकडे वरच्या पट्टीत टाक, मधल्या चौकोनात नको. आणि मोबाइल डेटा बंद कर.’’ तेही केलं. पान कोरंच.

मग कळलं, की सगळ्या राउटरांचा पत्ता एकच नसतो. फोनच्या सेटिंगमध्ये आपल्या वायफायच्या नावावर बोट ठेवलं, की तपशिलात ‘गेटवे’ म्हणून जो आकडा दिसतो, तो आपल्या राउटरचा पत्ता. माझा निघाला १९२.१६८.१.१. हाच पत्ता आणखी कितीतरी घरांतही असणार, मग माझं पान दुसऱ्याकडे कसं उघडत नाही? भाच्याने सांगितलं, की १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. १९९६ साली तसा नियमच कागदावर आला. हे पत्ते घरातल्या घरात चालतात, बाहेरच्या इंटरनेटवर नाही.

पान उघडलं, पण आधी ‘सुरक्षित नाही’ असा इशारा आणि मग यूजरनेम-पासवर्डची मागणी. मी वायफायचा पासवर्ड दिला. चूक म्हणे! पुन्हा दिला. पुन्हा चूक. इथे माझी मती गुंग झाली. माझ्याच घरातला डबा मलाच आत घेईना. भाचा म्हणाला, ‘‘राउटर उलटा कर.’’ खाली एक स्टिकर होता. बारकोड, लांबलचक सीरियल नंबर आणि मुंगीएवढ्या अक्षरांतल्या दोन ओळी. भिंग लावून वाचलं: यूजरनेम अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन.

म्हणजे पासवर्ड दोन असतात. एक फाटकाची चावी, दुसरी तिजोरीची. फाटकाची चावी निदान आपण पाहुण्यांना मोजून देतो. तिजोरीची मात्र कारखान्यातून आली तशीच सगळ्यांना ठाऊक. याचा फटका जगाने खाल्लेला आहे. २०१६ साली ‘मिराय’ नावाच्या व्हायरसने असेच कारखान्यातले पासवर्ड वापरून असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्यांच्या एकत्रित माऱ्याने ऑक्टोबरमध्ये ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेत काही तास कोलमडल्या. ब्रिटनने तर २०२४पासून असे सरसकट सोपे पासवर्ड घालून उपकरणं विकायला कायद्यानेच बंदी केली.

आत शिरल्यावर वॅन, लॅन, डीएचसीपी अशी पाट्यांची रांग. भाच्याची ताकीद एकच: वॅनला हात लावायचा नाही. तिथे कंपनीने भरलेली माहिती असते. ती पुसली की नेट बंद. प्रत्येक पानाचा आधी फोटो काढून ठेवला. जोडलेल्या उपकरणांच्या यादीत आमच्या घरातल्या वस्तूंपेक्षा नावं जास्त निघाली. मग वायरलेसच्या पानावर गेले, डब्ल्यूपीए-२ ही सुरक्षा निवडली, लांबलचक नवा पासवर्ड घातला आणि ‘सेव्ह’ दाबलं.

पान जागीच गोठलं. वायफाय गायब. माझ्या पोटात गोळा आला. भाचा मात्र हसत होता: ‘‘अगं, जुन्या पासवर्डवर होतीस ना? राउटरने पहिल्यांदा तुलाच बाहेर काढलं.’’ नवा पासवर्ड देऊन आत आले, मग अ‍ॅडमिनचा पासवर्डही बदलला. टीव्ही, यांचा टॅब, दोघांचे फोन, सगळ्यांना एकेक करून पुन्हा जोडण्यात दुपार गेली.

संध्याकाळचा वेग सुधारला, पण अर्धाच. उरलेला दोष गर्दीचा होता. वसतिगृहातले आणि शेजारचे सगळे राउटर २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या अंगावर बोलत होते. आमच्या राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं वेगळं वायफाय-नावही होतं. फोन आणि टीव्ही त्या नावावर नेले, तेव्हा कॉल अडकायचा थांबला. मात्र ५ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे लवकर दमतं, म्हणून आतल्या खोलीतला टॅब जुन्याच नावावर ठेवला.

तुमच्याकडे वायफाय बसवायला माणूस येईल, तेव्हा तो निघायच्या आत दोन्ही पासवर्ड त्याच्यासमोर बदलून घ्या. मोबाइल नंबर, जन्मतारीख, नातवाचं नाव यांतलं काही ठेवू नका. दोन्ही पासवर्ड वहीत लिहा आणि वही घरातच ठेवा. विसरलात, तर राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी दाबून सगळं पुसावं लागतं, कंपनीची माहितीही त्यात जाते, आणि मग पुन्हा त्या ‘कल’ची वाट बघत बसायची वेळ येते.